कल्याणची बंदरबंदी आणि कुड्याचे दानकर्ते

प्राचीन भारताच्या इतिहासात युद्धांची वर्णने पुष्कळ सापडतात. परंतु युद्धात उतरलेल्या राजसत्तेने शत्रूचा व्यापार कसा बंद पाडला, याची नोंद क्वचितच मिळते. अशी एक नोंद आपल्या कोकण किनाऱ्यासंबंधी उपलब्ध आहे. ती कोणत्याही राजाच्या प्रशस्तीत नाही. एका परदेशी व्यापाऱ्याने लिहिलेल्या सागरी मार्गदर्शिकेत आहे. तिच्यात कल्याण बंदराविषयी आलेली दोन वाक्ये म्हणजे सातवाहन आणि क्षहरात या दोन घराण्यांच्या संघर्षाचा व्यापारी पुरावा होय.

प्रस्तुत लेखात या बंदीचा विचार पेण आणि रोहे या दोन तालुक्यांच्या भूमीवरून करावयाचा आहे. ही भूमी बंद झालेले कल्याण आणि चालू राहिलेली चौल व मांदाड ही बंदरे यांच्या मधोमध येते. शिवाय त्या काळी व्यापार करणाऱ्या सामान्य माणसांची नावे ज्या लेण्यांत कोरलेली आहेत, ती कुडा लेणी रोह्यापासून दूर नाहीत. राजांनी व्यापाराचे काय केले हे ग्रंथ सांगतो, तर व्यापाऱ्यांनी आपल्या कमाईचे काय केले हे लेणी सांगतात. दोन्ही साक्षी एकत्र वाचल्या तरच त्या काळाचे चित्र पुरे होते.

पेरिप्लसची साक्ष

‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ओळखला जाणारा हा ग्रंथ ग्रीक भाषेत आहे. त्याचा कर्ता इजिप्तमध्ये राहणारा ग्रीकभाषी व्यापारी होता. त्याचे नाव ग्रंथात नाही. बहुतेक अभ्यासक ग्रंथाचा काळ इ. स. ४० ते ७० च्या दरम्यान धरतात. विल्फ्रेड शॉफ यांनी १९१२ मध्ये व लायोनेल कॅसन यांनी १९८९ मध्ये केलेली त्याची इंग्रजी भाषांतरे अभ्यासकांच्या वापरात आहेत.

हा लेखक सांगतो की, भडोचपासून दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रदेशाला ‘दखिनाबदेस’ म्हणतात. ‘दक्षिणापथ’ हा शब्द येथे सहज ओळखू येतो. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर व तगर, म्हणजे आजचे तेर, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर आहे. तेथून अकीकासारखे खडे व नाना प्रकारचे कापड गाड्यांतून भडोचला नेले जाते, आणि ही वाट मोठी बिकट आहे, असेही तो नोंदवितो.

घाटमाथ्यावरील पैठणचा माल जवळच्या कोकणात उतरविण्याऐवजी इतक्या दूर उत्तरेला का नेला जात असावा? याचे उत्तर पुढच्याच म्हणजे ५२ व्या परिच्छेदात मिळते. भडोचनंतरची बंदरे सांगताना लेखक सोपारा व कल्याण यांची नावे घेतो. कल्याणविषयी तो म्हणतो की, थोरल्या ‘सरगनस’च्या काळी ते कायद्याने मान्य असलेले व्यापारी ठाणे होते, परंतु ‘संदनेस’ याच्या ताब्यात आल्यापासून तेथील व्यवहारात मोठा अडथळा आला आहे, आणि एखादे ग्रीक जहाज चुकून तेथे आलेच तर ते पहाऱ्यात भडोचला नेले जाते.

सरगनस म्हणजे एखादा सातकर्णी, हे सर्वमान्य आहे. संदनेस कोण, याविषयी मात्र विद्वानांत मतभेद आहेत. काहींनी त्याला सुंदर सातकर्णी मानले. त्यांच्या मते दुर्बळ सातवाहन राजाच्या बंदरात येणारी जहाजे शकांचे आरमार पळवून नेत असे. कॅसन यांच्यासारखे अभ्यासक त्याला शकांच्या बाजूचा अधिकारी समजतात. सिल्व्हाँ लेव्ही यांनी तर ‘चंदन’ या उपाधीवरून त्याचा संबंध कुषाणांशी जोडला. परंतु यांपैकी कोणतेही मत स्वीकारले तरी एक गोष्ट बदलत नाही. पकडलेले जहाज बुडविले जात नव्हते किंवा परतही पाठविले जात नव्हते. ते भडोचला नेले जात होते. भडोचचा राजा म्हणून पेरिप्लस ज्याचे नाव देतो, तो क्षहरात नहपान होय, असे बहुतेक संशोधक मानतात. याचा अर्थ असा की, व्यापार थांबविणे हा या बंदीचा उद्देश नव्हता. शत्रूच्या बंदरात पडणारी जकात आपल्या बंदरात पाडून घेणे, हा तिचा उद्देश होता.

हा व्यापार किती मोठा होता, याची कल्पना रोमन लेखक प्लिनी याच्या तक्रारीवरून येते. भारत दर वर्षी रोमन साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स काढून घेतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. अशा प्रवाहाचे तोंड आपल्याकडे वळविण्यासाठी दोन राजसत्ता झगडल्या, यात नवल नाही.

पेणचे पाणी, रोह्याचे पाणी

नकाशावर पेण आणि रोहे एकमेकांच्या जवळ आहेत. परंतु त्यांचे पाणी वेगळ्या दिशांनी समुद्राला मिळते. पेणची भोगावती धरमतरच्या खाडीला मिळते आणि ती खाडी मुंबईच्या बंदरात उघडते. पेणचे जुने बंदर अंतोरा याच पाण्यावर आहे. उल्हास नदीवरील कल्याणचा एक जलमार्ग ठाण्याच्या खाडीतून याच मुंबई बंदरात उतरतो. म्हणजे पेण आणि कल्याण यांचे अंगण एकच. रोह्याची कुंडलिका मात्र पश्चिमेकडे वाहत जाऊन रेवदंडा-चौलजवळ थेट अरबी समुद्राला मिळते. भरतीच्या पाण्यावर होड्या रोहे-अष्टमीपर्यंत येत असत.

या भूगोलावरून एक अनुमान करता येते. कल्याणच्या मार्गावर पहारा बसला, तेव्हा त्याची झळ मुंबई बंदरात उघडणाऱ्या सर्व खाड्यांना लागली असली पाहिजे. पेणचे पाणी त्यांतच येते. उलट कुंडलिकेच्या मुखावरील चौल त्या पहाऱ्याच्या दक्षिणेस होते. पेरिप्लसचा लेखक कल्याणनंतर लगेच ‘सेमिल्ला’ व ‘मंदगोर’ ही नावे देतो आणि त्यांच्याविषयी अडथळ्याची कोणतीही तक्रार करीत नाही. सेमिल्ला म्हणजे चेमुल अथवा चौल. मंदगोर म्हणजे राजपुरीच्या खाडीवरील मांदाड, असे अनेक संशोधक मानतात. या बंदरांचा तो स्थानिक पेठा म्हणून उल्लेख करतो.

सह्याद्रीच्या बाजूनेही असाच पुरावा आहे. पेण व रोहे यांच्या पूर्वेस, सुधागड तालुक्यात ठाणाळे-नाडसूर आणि खडसांबळे येथे बौद्ध लेण्यांचे दोन मोठे समूह आहेत. हेन्री कझिन्स यांनी १८९१ मध्ये त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. घाटवाटांच्या पायथ्याशी असलेल्या या लेण्यांवरून लक्षात येते की, बंदर आणि घाटमाथा यांना जोडणाऱ्या वाटा या भागातूनच जात होत्या. विहार वाटेवर असे, कारण भिक्खूला भिक्षेसाठी लोकवस्ती हवी आणि वाटसरूला मुक्कामासाठी सुरक्षित जागा हवी.

कुडा येथील दानलेख

रोह्याच्या दक्षिणेस, आजच्या तळा तालुक्यात, मांदाडच्या खाडीकडे पाहणाऱ्या डोंगरात कुडा येथील लेणी खोदलेली आहेत. ती लहानमोठी मिळून २६ मोजली जातात. त्यांतील ब्राह्मी लेख साधारणपणे इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतील आहेत. या लेखांत ‘मांदव’ येथील महाभोज या स्थानिक अधिपतींचा निर्देश येतो. मांदव म्हणजेच मांदाड. महाभोज खंदपालित याच्या सेवेत असलेला लेखक शिवभूती व त्याचा धाकटा भाऊ शिवम यांनी येथे लेणी दिली.

परंतु दानकर्त्यांची यादी राजदरबारापाशी संपत नाही. तीत श्रेष्ठी आहे, सार्थवाह म्हणजे तांड्याचा प्रमुख आहे, माळी आहे, वैद्याच्या घरचा माणूस आहे. करहाकड म्हणजे कऱ्हाड येथून आलेला महिक नावाचा लोखंडाचा व्यापारी आहे. प्रव्रजित भिक्खुणी आहेत. आयितिलु या ब्राह्मण उपासकाची पत्नी भायिला हिने तर चैत्यगृह दिले आहे. कृष्णाकाठच्या कऱ्हाडचा लोखंडविक्या सह्याद्री उतरून मांदाडपर्यंत येतो आणि तेथे संघाला दान देतो, ही गोष्ट त्या काळच्या मार्गांविषयी पुष्कळ सांगून जाते. कान्हेरी येथेही कल्याणच्या व चेमुलच्या रहिवाशांची दाने नोंदलेली आहेत.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कल्याण बंद पडले म्हणून कुडा संपन्न झाले, असे म्हणण्यास लेखांचा आधार नाही. लेख सांगतात ते एवढेच की, ज्या किनाऱ्यावर राजे बंदरांसाठी झगडत होते, त्याच किनाऱ्यावर माळी, लोहार-वाणी, वैद्य, स्त्रिया आणि भिक्खुणी आपल्या नावाने, आपल्या व्यवसायाच्या उल्लेखासह, एकाच डोंगरात शेजारी शेजारी दान कोरून ठेवीत होत्या. माळ्याने आपला व्यवसाय लपविला नाही आणि श्रेष्ठीने आपले नाव त्याच्यापासून दूर नेले नाही. समतेचा हा पुरावा शिळेवर आहे.

युद्धाचा शेवट आणि ओसाड शेत

कोकणातील बंदीचे पुढे काय झाले, हे समजून घेण्यासाठी नाशिकच्या लेण्यांकडे वळले पाहिजे. कारण दोन्ही बाजूंचे लेख तेथे एकाच डोंगरात आहेत. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिक येथे लेणे दिले. भिक्खूंच्या चीवरांसाठी त्याने ३,००० कार्षापणे विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी २,००० दरमहा शेकडा एक व १,००० शेकडा पाऊण या व्याजाने. नद्यांवर त्याने विनामूल्य तरी ठेवल्या आणि सोपारा, भडोच येथे विश्रांतिगृहे बांधली. ब्राह्मणांनाही त्याने गायी व गावे दिली. म्हणजे ज्या घराण्याच्या बंदराकडे परदेशी जहाजे पहाऱ्यात नेली जात होती, त्याच घराण्यातील पुरुष दुसरीकडे वाटसरूंसाठी तरी सोडीत होता.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा उच्छेद केला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलथेंबी येथे नहपानाच्या सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. राजमाता बलश्रीच्या लेखात त्याच्या राज्यातील प्रदेशांमध्ये अपरान्ताचे, म्हणजे कोकणाचे, नाव आहे. त्याच लेखात त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला, अशी स्तुतीही आहे. हा उल्लेख आपण टाळू नये. संघाला दान देणारा प्रत्येक राजा धम्माने चालणारा होता असे समजणे भाबडेपणाचे होईल.

आपल्या १८ व्या राज्यवर्षी गौतमीपुत्राने उषवदाताच्या ताब्यातील शेत नाशिकच्या भिक्खूंना दिले. परंतु २४ व्या वर्षीच्या लेखात वेगळीच हकीकत आहे. पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही आणि तो गावही वसलेला नाही, म्हणून त्याऐवजी दुसरी शंभर निवर्तने जमीन देण्यात येत आहे, असे तो लेख सांगतो. गाव का उठला, याचे कारण राजाज्ञेत दिलेले नाही. परंतु दोन सत्तांमध्ये हातपालट झालेल्या प्रदेशात सहा वर्षांनी एक गाव ओसाड व एक शेत पडीक असावे, ही नोंद कोणत्याही विजयप्रशस्तीपेक्षा अधिक बोलकी आहे.

कोणाचा माल आणि कोणता माल

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. राजाने घातलेली व्यापारबंदी आणि तथागतांनी उपासकांना सांगितलेली व्यापारविरती यांत फरक कोणता?

अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात पाच व्यापार उपासकाने करू नयेत असे सांगितले आहे: शस्त्रांचा, प्राण्यांचा (यात माणसांचाही समावेश होतो), मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. आता पेरिप्लसने दिलेली भडोचच्या आयातीची यादी पाहावी. तीत तांबे, कथील, शिसे, पोवळी आहेत. त्यांच्याबरोबर मद्य आहे, त्यातही इटलीचे विशेष पसंतीचे. आणि राजासाठी म्हणून रुप्याची भांडी, गाणारी मुले व अंतःपुरासाठी सुंदर मुली आहेत. ज्या बंदराचा लाभ व्हावा म्हणून कल्याण अडविले गेले, त्या बंदरात माणसे विकत घेतली जात होती. राजाच्या बंदीने त्यांतील एकही व्यापार थांबविला नाही. कारण राजाचा प्रश्न ‘हा माल कोणाचा’ एवढाच होता. ‘हा माल कोणता’ हा प्रश्न धम्माने विचारला. पहिल्या प्रश्नासाठी पहारेकरी लागतात, आणि पहारा उठला की उत्तरही बदलते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराला आपल्या दुकानात बसून, कोणी पाहत नसताना, स्वतःच द्यावे लागते.

युद्धाच्या घोषणेविषयीही धम्माची परंपरा स्पष्ट आहे. सम्राट अशोकाने आपल्या चौथ्या शिलालेखात भेरीघोषाच्या जागी धम्मघोष आल्याचे सांगितले. रणभेरी हीच त्या काळची युद्धघोषणा. अशोकाच्या शिलालेखांची एक प्रत याच किनाऱ्यावर सोपारा येथे कोरलेली होती. तिच्या आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये व नवव्या लेखाचा १९५६ मध्ये सापडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात तर सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारणच युद्धाचा ठराव हे आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य संघाने कोलियांविरुद्ध युद्ध पुकारण्याचे ठरविले. सिद्धार्थाने विरोध केला आणि दोन्ही बाजूंच्या पंचांकडून निवाडा करून घेण्याची सूचना मांडली. तेव्हा सेनापतीने त्याला कोणती भीती घातली? कुटुंबावर सामाजिक बहिष्कार आणि जमिनीची जप्ती. बाबासाहेबांनी हा तपशील दिला, कारण बहिष्कार हे काय शस्त्र आहे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

राजा जे बंदरावर करतो, तेच गाव दुबळ्या कुटुंबावर करू शकतो. वाण्याने मीठमिरची द्यायची नाही, शेतावर काम द्यायचे नाही, वाट अडवायची. १९२८ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. १९३० च्या तिच्या अहवालात अस्पृश्यांवरील अशा आर्थिक कोंडीचे वर्णन आहे. त्याच वर्षी सुरू झालेल्या गोलमेज परिषदेत त्यांनी बहिष्काराविरुद्ध कायदेशीर संरक्षण मागितले आणि त्यासाठी १९२२ च्या ब्रह्मदेशातील कायद्याचा आधार घेतला. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा २०१६ मध्ये संमत होऊन २०१७ मध्ये अमलात आला. तो होण्यापूर्वीच्या वर्षांत वाळीत टाकण्याच्या ज्या तक्रारी गाजल्या, त्यांत रायगड जिल्ह्यातील तक्रारी ठळक होत्या. कल्याणच्या बंदीचा विषय आपल्यापासून दोन हजार वर्षे दूर आहे, असे म्हणूनच वाटू देऊ नये.

समारोप

संदनेसचे नाव आज एका ग्रीक हस्तलिखितातील दोन वाक्यांमुळे उरले आहे, आणि तो कोण होता याविषयी अजून वाद चालू आहेत. नहपानाच्या नाण्यावर त्याच्या शत्रूचा छाप बसला. परंतु कऱ्हाडच्या लोखंडविक्या महिकाविषयी आणि उपासिका भायिलाविषयी वाद नाही. त्यांनी काय दिले व कोणाला दिले, हे त्यांच्याच शब्दांत डोंगरावर आहे.

संघाचे अस्तित्व व्यापाऱ्यांच्या दानावर फार अवलंबून राहिले आणि व्यापार ओसरल्यावर त्याचा फटका विहारांना बसला, ही गोष्टही आपण विसरता कामा नये. दान देणारा माळी आणि लोहार-वाणी हा संघाचा खरा आधार होता. राजाश्रय हा पाहुणा होता. पेण-रोह्याच्या उपासक-उपासिकांनी वर्षावासाच्या अखेरीस, वाटा सुकल्यावर, आपल्या मुलांना घेऊन कुडा, ठाणाळे आणि खडसांबळे येथे जावे. शिळेवरील अक्षरांवर खडू वा तेल लावू नये, नावे खरवडू नयेत. केवळ वाचून दाखवावे. येथे एका माळ्याने दान दिले, येथे एका भिक्खुणीने, असे मुलांना सांगावे. मग खाडीकडे बोट करून हेही सांगावे की, या पाण्याच्या वाटा एके काळी राजांनी अडविल्या होत्या.